तायी कार्ड, चौदाशे रुपये आणि आमचा फलक

लसीकरणाच्या पाहणीत एखादं बाळ सुटलेलं सापडलं, की ते का सुटलं याचं कारण लिहावं लागतं. कारणं फॉर्मवर छापलेलीच असतात. कुटुंब गावी गेलं होतं, बाळ आजारी होतं, लसीनं ताप येईल याची भीती वाटली, आणि माहितीचा अभाव. उन्हात वस्ती उरकायला निघालेली बाई बहुधा शेवटच्या चौकोनात खूण करते आणि पुढच्या झोपडीकडे वळते. महिनाअखेरीला खुणांची बेरीज होते, बेरजेवरून जनजागृती ठरते आणि जनजागृतीसाठी फलक छापला जातो. फलक मराठीत. ज्या बायांसाठी तो लावायचा, त्या घरात गोरमाटी, कन्नड, भोजपुरी, बंगाली बोलतात. ज्या मराठी बोलतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही. ज्यांना वाचता येतं त्यांना फलकावरचं आधीच ठाऊक असतं.

मी एएनएम, म्हणजे परिचारिका. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला, तुर्भ्यापासून दिघ्यापर्यंतच्या पट्ट्यात, माझी सारी नोकरी गेली. रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला सिडकोचे नोड: आखीव सेक्टर, झाडं, नावाजलेली खासगी रुग्णालयं. डोंगराकडे एमआयडीसीचे कारखाने आणि त्यांच्या कुंपणांना लागून वाढलेल्या वस्त्या. पारसिकच्या डोंगरात दगडखाणी जोरात होत्या तेव्हा खाणींभोवती वडारांची घरं उठली. बहुतेक खाणी आता थंडावल्या, पण घरं राहिली आणि त्यांच्याभोवती नवी दाटली. या सगळ्यांच्या मध्ये मूळची गावठाणं आहेत. १९७० साली सिडको आली, ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली, आणि आगरी-कोळ्यांची गावं त्या शहराच्या पोटात बेटासारखी उरली.

इतकी वर्षं या पट्ट्यात फिरून माझं एक मत पक्कं झालंय. माहिती नसलेली बाई मला क्वचितच भेटली. बहुतेकींकडे माहिती होती, तपशीलवार होती. फक्त ती इथली नव्हती. दवाखान्याबद्दल, योजनेबद्दल, लसीबद्दल कोणाला काय ठाऊक असेल, हे ती कोणत्या जातीची, कोणत्या मुलखातली आणि कोणाची सून यावर ठरतं. शिक्षण, पैसा त्यानंतर येतात.

लमाणी बायांचंच बघा. नाक्यावर सकाळी बिगारीला उभ्या राहणाऱ्यांत त्या पुष्कळ. कोणी विजापूरकडची, कोणी कलबुर्गीची, कोणी तेलंगणातल्या महबूबनगरची, कोणी आपल्या यवतमाळ-जालन्याची. बाहेरच्याला सगळा एकच तांडा वाटतो, आणि एका अर्थी तो आहेही. घरात सगळ्यांची गोरमाटी, आईला सगळ्यांची याडी, सोयरिकी एकमेकांत. पण सरकारदरबारी त्या तीन वेगळ्या बाया आहेत. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. मराठवाड्यात यावरून मोर्चे निघतात, पेपरात येतं. मला ते आमच्या टेबलावर दिसतं.

एक मुलगी सातव्या महिन्यात सासूबरोबर आली. सासूनं कमरेच्या बटव्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. कर्नाटकात गरोदर बाईला देतात ते तायी कार्ड. कडा मऊ पडलेल्या, मधल्या घडीवर चिकटपट्टी. केसपेपरच्या टेबलावरून ते तसंच परत आलं. हे चालत नाही, नवीन नोंदणी करा, आधार आणि राहत्या जागेचा पुरावा आणा. सासूनं काही न बोलता ते पुन्हा पिशवीत घालायला घेतलं, तेव्हा मी ते मागून घेतलं. अक्षरं कन्नड, पण आकडे तर आपल्या नेहमीच्या इंग्रजी अंकांतले. तारखा होत्या. धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन झालेलं, दुसरं बाकी. रक्तगट लिहिलेला. हिमोग्लोबिन पाचव्या महिन्यात ८.४. म्हणजे जी बाई आमच्या लेखी माहितीचा अभाव या चौकोनात जाणार होती, तिची आधीची सगळी तपासणी वेळच्या वेळी झालेली होती, आणि गाव सोडताना कपड्यांच्या आधी तिनं हा कागद बांधून घेतला होता.

सासूचा प्रश्न वेगळाच होता. पिशवी कधी मिळते? थोरल्या सुनेला गावाकडच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर चादर, मच्छरदाणी, साबण असं भरलेली पिशवी मिळाली होती. शेजारच्या झोपडीतली महबूबनगरची बाई त्याच्याही वरचं सांगत होती. तेलंगणात २०१७ साली केसीआर किट सुरू झालं, त्यात सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईला मुलगा झाला तर १२,००० आणि मुलगी झाली तर १३,००० रुपये, वर बाळाचं सामान. तिच्या बहिणीला ते मिळालं होतं. या दोघी आमच्याकडे त्या हिशेबानं आल्या. आमच्याकडे जननी सुरक्षा योजना. महाराष्ट्रात तिचे पैसे दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जातीच्या नाहीतर जमातीच्या बाईला, शहरात ६०० रुपये. यवतमाळची लमाणीण विमुक्त जातीची; दारिद्र्यरेषेचा कागद नसेल तर ती बसत नाही. विजापूरची बाई तिच्या राज्यात अनुसूचित जातीची, पण तिचा दाखला परराज्यातला. महबूबनगरचीही तीच गत. एकाच पाण्याच्या टाकीवर भांडणाऱ्या तिघी, तिघींना तीन उत्तरं, आणि उत्तर देणाऱ्या आमच्या माणसाला स्वतःला त्यातली दोन नीट माहीत नसतात. मग तो सोपं उत्तर देतो: तुम्हाला नाही.

हे 'तुम्हाला नाही' संध्याकाळपर्यंत तांड्यात पोचतं. आणि पैसे नाहीत एवढ्यावर ते थांबत नाही. तिकडे काही मिळत नाही, असं होऊन फिरतं. मग लोहाच्या गोळ्या नाहीत, तपासणी नाही, सोनोग्राफी नाही. कोपरखैरण्यात बोललेलं तुर्भ्यातल्या लमाण्यांना दुसऱ्या दिवशी ठाऊक असतं, पण त्याच पत्र्याला पाठ लावून राहणाऱ्या बीडच्या बाईच्या कानावर ते येत नाही. भिंत एकच असली तरी बातमी भिंतीतून जात नाही, सोयरिकीतून जाते. आम्ही मात्र नकाशावर गल्ल्या रंगवून आशाताईंना घरं वाटून देतो.

उत्तरेकडच्या बायांची तऱ्हा निराळी. जौनपूर, आझमगढ, गोरखपूर, बिहारातून सिवान, दरभंगा. त्यांच्याकडे गावात आशा दीदी घरी येते, टिकल्या-बांगड्यांच्या गप्पांत तारखा सांगून जाते. उत्तर प्रदेश, बिहार ही कमी कामगिरीची राज्यं म्हणून जननी सुरक्षेत तिथल्या ग्रामीण भागात सरकारी बाळंतपणाचे १,४०० रुपये मिळतात आणि जातीची, दारिद्र्यरेषेची अट नाही. म्हणजे गरीब राज्यातून श्रीमंत राज्यात आलं की रक्कम निम्म्याहून खाली जाते आणि वर अट लागते. यामागचं धोरण मला समजतं. दवाखान्यात बाळंतपणं कमी होत होती तिथे जास्त पैसे लावले, यात चूक काही नाही. पण खाटेवर बसलेल्या बाईला हे कसं समजावणार? "गाँव में तो चौदह सौ मिलता है, यहाँ बम्बई में कुछ नहीं?" तिच्या दृष्टीनं मधले पैसे कोणीतरी खाल्ले. तिचा नवरा तसं उघड म्हणतो. मग सातव्या महिन्यात ती गावी जाते, बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की परत येते, आणि कार्ड सासूच्या ट्रंकेत राहतं.

अशा बाळाचा डावा दंड बघायचा. बीसीजीचा व्रण असेल तर जन्माच्या वेळची लस झाली एवढं कळतं. पुढचं आईला विचारायचं. या बाया सुया मोजून सांगतात: "एक बाँह में, एक जाँघ में, और मुँह में बूँद।" कोणत्या मांडीत हेही सांगतात. त्यावरून बरंचसं बसवता येतं, आणि नवऱ्याला फोन करून गावाकडून कार्डाचा फोटो मागवता येतो. व्हॉट्सॲपनं आमचं जितकं काम सोपं केलं तितकं कुठल्या ॲपनं केलं नसेल. अर्थात हे माझं मत, ॲपवाल्यांचं वेगळं असेल.

या वस्त्यांत बोळाच्या तोंडाशी एखादा डॉक्टर असतो. डॉक्टर कसला, ते विचारू नये. रात्री अकरापर्यंत शटर उघडं, भोजपुरीत बोलतो, दुखणं ऐकून घेतो, एक सुई टोचतो, दोन रंगांच्या गोळ्या देतो आणि पैसे नसले तर वहीत मांडतो. आमची ओपीडी सकाळची. नाक्यावर माणूस सकाळी सातला उभा राहतो. दवाखान्यात आला तर दिवसाचा खाडा. आम्ही फुकट आहोत हे सगळ्यांना माहीत असतं. पण खाडा धरला तर फुकट महाग पडतं. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ साली मंजूर झालं तेव्हा त्याच्या आराखड्यात शहरी केंद्रांसाठी दुपारपासून रात्री आठपर्यंतच्या वेळेचा विचार होता. ज्यानं ते लिहिलं त्याला नाका ठाऊक असावा.

मालदा-मुर्शिदाबादकडच्या बंगाली बोलणाऱ्या कुटुंबांबद्दल लिहिताना जपून लिहावं लागतं. भंगाराच्या गोदामात, घरकामाला, बांधकामावर ही माणसं असतात. परदेशी नागरिकांच्या शोधाची कारवाई सुरू असल्याच्या बातम्या आल्या, की या गल्ल्यांतली दारं दिवसाही लागतात. २०२२च्या नोव्हेंबरात गोवंडीकडे गोवरानं मुलं दगावली, तेव्हा आम्हीही घरोघर फिरत होतो. हातात रजिस्टर, गळ्यात ओळखपत्र. आईचं नाव, बापाचं नाव, मूळ गाव, मोबाईल, आधार. एका घरात रांगतं मूल स्पष्ट दिसत होतं आणि आई सांगत होती, घरात लहान मूल नाही. लस कुठे मिळते माहीत आहे का? "मालूम नहीं।" त्याच बाईला मी आमच्या केंद्रावर पाहिलं होतं, शेजारणीच्या मुलाला घेऊन आली होती, बुधवार असतो हेही तिला ठाऊक होतं. रजिस्टर घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला 'माहीत नाही' एवढंच सांगण्यात शहाणपण आहे, हे ती बऱ्याच ठिकाणी शिकली असणार. तिच्या त्या उत्तरावरही माहितीचा अभाव अशीच खूण होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे एनएफएचएसमध्ये, सरकारी दवाखान्यात का जात नाही असं कुटुंबांना विचारतात. जवळ केंद्र नाही, वेळ सोयीची नाही, माणसं जागेवर नसतात, खूप थांबावं लागतं, दर्जा चांगला नाही, अशी तिथली कारणं. भीती वाटते, असं कारण त्या ओळींत नाही. आमच्या फॉर्मवर भीती आहे, पण लसीची. रजिस्टरची नाही.

त्या गल्लीत शेवटी काम झालं ते मेसला डबे करणाऱ्या एका बाईमुळे. ती त्यांच्यातलीच, पण जुनी. पोरं इथल्या शाळेत मराठीत शिकलेली. लसीला आधार लागत नाही, हे मी किती वेळा सांगितलं असेल. ऐकून मान हलवायच्या, संपलं. तिनं स्वतःच्या नातवाला कागद न दाखवता लस देऊन आणली, त्यानंतर बाया यायला लागल्या. तिनं फार समजावलंही नसावं. तिला बोलायला वेळ कुठे असतो, पहाटे चारला कणीक मळायला लागते.

उड्डाणपुलांखाली राहणारी, सिग्नलवर लिंबू-मिरची आणि गजरे विकणारी फासेपारधी कुटुंबं याच्याही पलीकडची. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांच्या पणज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ साली तो कायदा उठल्यावरही पोलीस ज्यांना विसरले नाहीत, त्यांना सरकारी इमारतीत शिरायला सांगायचं म्हणजे काय, याची मला फार उशिरा कल्पना आली. मुकाट्यानं पुलाखालीच सेशन लावायचं, हाच त्यावर उपाय आहे. तिथेही आज लस दिली आणि पुढच्या डोसाला गेलो, तर अतिक्रमण हटवणाऱ्या पथकानं पूल रिकामा केलेला असतो. मग वाशी, सानपाडा, नेरुळ, ज्या पुलाखाली सापडतील तिथे.

आता गावठाण. परक्या माणसाला वाटेल, की माहितीचा प्रश्न बाहेरून आलेल्यांचा. इथले भूमिपुत्र तर घरचेच. आमचं केंद्र ज्या जमिनीवर आहे ती कधीकाळी शेजारच्या गावाची भातखाचरं. पण त्या गावातली बाई आमच्या दारात दिसत नाही. पाहणीला गेलं की खुर्ची देतात, चहा देतात, मासळीचा वास घरभर असतो आणि जेवूनच जा असा आग्रह. दवाखान्याचं काढलं, की एक मावशी म्हणाली, "तिकरं सगली भायेरची मानसा. आमचा डाक्टर हाय ना गावान." त्यांच्या लेखी आमचा दवाखाना हा भाडेकरूंचा. ज्यांना त्यांनी चाळीत खोल्या दिल्या, त्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं हे मनाला पटत नाही. आणि मी पडले साताऱ्याकडची. गळ्यात कितीही ओळखपत्र घातलं तरी त्यांच्यासाठी घाटीच. प्रेमानं म्हणतात, पण म्हणतात.

याचा परिणाम गमतीचा नाही. या गावांतल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायांत साखर आणि रक्तदाब मी ढिगानं पाहते. जमीन गेली, भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीत उतरणं कमी झालं. चालणं संपलं, जेवण तेच राहिलं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब-साखर तपासणी आमच्याकडे होते, गोळ्या मिळतात. मावशी मात्र मेडिकलमधून दर महिन्याला विकत आणते, तीही निम्मी, कारण साखर उतरली असं वाटलं की बंद. ती आम्हाला ओळखते ते पोलिओवाल्या म्हणून. पोलिओचा रविवार आला की नातवाला घेऊन बूथवर सगळ्यांच्या आधी हजर, कारण बूथ गावदेवीच्या देवळात असतो आणि देऊळ तिचं आहे. ते लक्षात आल्यावर आम्ही रक्तदाबाचं यंत्र आणि साखरेच्या पट्ट्या घेऊन देवळातच बसायला लागलो. गोळ्यांसाठी मात्र अजून केंद्रावर यावं लागतं, आणि त्या सुनेला पाठवतात. सूनही येते तेव्हा दुपट्ट्यानं तोंड बांधून.

मग कोणी सांगायचं? कागदावर याचं उत्तर आहे: आशा. शहरात साधारण हजार ते अडीच हजार लोकसंख्येमागे एक, वस्तीतलीच बाई. कल्पना जुनी आणि चांगली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा गावानंच निवडलेल्या बाया आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांतल्या कितीतरी दलित, कितीतरी निरक्षर. अल्मा-आटाची प्राथमिक आरोग्याची घोषणा त्यानंतर आठ वर्षांनी, १९७८ साली झाली. जामखेडच्या बायांना अक्षर येत नव्हतं, पण कोणाच्या घरात कोणाचा शब्द चालतो हे त्यांना कळत होतं. ब्रिटननंही १९८४ साली दक्षिण आशियाई मातांसाठी मोहीम काढली, तेव्हा दवाखाना आणि घर यांच्यामध्ये त्यांचीच भाषा बोलणाऱ्या बाया नेमल्या होत्या.

आमच्याकडे शहरी आशाला दहावी पास लागतं, रहिवासाचा पुरावा लागतो, स्थानिक भाषा यावी लागते. अट चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. फॉर्म भरायचे, मोबाईलवर नोंदी करायच्या, तर शिक्षण हवंच. पण या चाळणीतून कोण उरतं ते बघा. सोलापूर, बीड, सांगली, साताऱ्याच्या, वस्तीत वीस-पंचवीस वर्षं स्थिरावलेल्या मराठी बाया. कष्टाळू, वस्तीत मान असलेल्या. त्यांना लमाण्यांच्या रांगेत कोणी घरात बसवत नाही आणि त्याही उंबऱ्याबाहेर उभ्या राहून विचारतात. यात जात आहे, हे बोलायला नको असं सगळ्यांनी ठरवलेलं आहे. शंभरेक घरांमागे महिला आरोग्य समिती असते, तिला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी येतो. समितीतल्या दहा-बारा बाया मी पाहिल्या तेव्हा बहुतेक आशाताईच्या भिशीतल्याच निघाल्या. त्यांचा दोष नाही. मी निवडल्या असत्या तर माझ्या ओळखीच्याच निवडल्या असत्या.

लमाणी रांगेत आमचा मार्ग मुकादमाच्या आईनं मोकळा केला. मुकादम सेंट्रिंगच्या कामावर माणसं पुरवतो, उचल देतो, गावाकडून कोणाला आणायचं ते ठरवतो. आणि त्याच्या घरात ठरवते त्याची आई. म्हातारी विजापूरकडची, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या पाटल्या, मराठी समजते पण बोलताना कन्नड-हिंदी-गोरमाटीची खिचडी. मी तिच्याकडे गेले ती तिच्या गुडघ्यासाठी. कोणतीही योजना न सांगता मी तिला केंद्रावर आणलं, गोळ्या दिल्या, तिची साखर निघाली, तिला दर महिन्याला बोलावलं. पाचव्या-सहाव्या खेपेपासून ती एकटी यायची थांबली. कधी पोटुशी सून, कधी खोकणारा पुतण्या. त्या पुतण्याच्या थुंकीत क्षय निघाला. त्याला दरमहा पोषणाचे पैसे मिळतात हे तिनं त्याच्याआधी समजून घेतलं; तेव्हा ५०० होते, २०२४च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले, तेही तिनंच मला विचारून खातरजमा करून तांड्यात सांगितलं. ज्यांच्याकडे ई-श्रम कार्ड आहे त्यांना पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० मिळू शकतात, हे मी तिला एकदाच सांगितलं. तिनं मुलाला कामावरच्या सगळ्यांची कार्डं काढायला लावली. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात का चालत नाही, हे मात्र तिला अजून पटलेलं नाही. तिचा युक्तिवाद असा, की तांडा काय सरहद्दीवर जात बदलतो का? मला उत्तर येत नाही.

तिला मानधन नाही. अंगठा उठवते, म्हणून आशा होऊ शकत नाही, वयही गेलं. समितीत घ्यायचं ठरवलं तर रहिवासाचा पुरावा नाही. एका बैठकीत मी सुचवलं, की अशा बायांना निदान रिक्षाचं भाडं आणि बुडालेला रोज मिळावा. वरिष्ठांनी चांगली सूचना म्हणून लिहून घेतली. मी मिनिट्सची प्रत मागितली तर त्यात ती 'समाजाचा सहभाग वाढविणे' एवढ्या शब्दांत होती.

नोंदवहीत मातेचं नाव, वय, जात प्रवर्ग, पाळीची शेवटची तारीख या सगळ्याला रकाने आहेत. घरात कोणती भाषा बोलतात याला नाही. म्हणून मी समासात पेन्सिलीनं लिहिते: 'क', 'गो', 'भो', 'बं'. त्याखाली, हिला कोणी सांगितलेलं ऐकते, तेही दोन शब्दांत: मुकादमाची आई, डबेवाली, सासरा, किराणावाला. बदलून आलेल्या सिस्टरना हे आधी पोरकटपणा वाटतो. ड्यू लिस्ट घेऊन एकदा वस्तीत फिरल्या की पेन्सिल मागतात. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं समासात काही लिहू नये असं बजावलं. तेव्हापासून मी हे वेगळ्या वहीत लिहिते.

सध्या त्या वहीत एक पान कोरंच आहे. डोंगराच्या पायथ्याशी नव्या टॉवरच्या कामावर ओडिशाकडची कुटुंबं आली आहेत, पत्र्याच्या शेडमध्ये, गेटवर वॉचमन. ठेकेदार म्हणतो, बायका-मुलं नाहीत. दोरीवर झबली वाळत असतात. आमच्यातल्या कोणालाच ओडिया येत नाही. एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनमध्ये ब्रह्मपूरकडचा एक आचारी आहे असं कळलंय; त्याची बायको इथेच असते म्हणे. पुढच्या बुधवारी सेशन संपलं की तिकडे जाणार आहे.